तूर तिने पिकवायची आणि पैसे घरधन्याच्या मोबाईलवर? मलावीतून तूर घेणाऱ्या व्यापारी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मंडळी म्हणजे दोन्हीकडची हं. इथे आफ्रिकेत, मलावीतल्या लिंबे-ब्लांटायरला गोदामं टाकून बसलेले खरेदीदार, आणि तिकडे वाशी, लातूर, अकोल्याला बसून त्यांच्याकडून कंटेनर मागवणारे आयातदार आणि दालमिलवाले. तुमच्यातले बरेच जण गुजराती आहेत, पण मराठी तुम्हाला चांगलं वाचता येतं, इथल्या गणपतीत आरत्या आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त पाठ असतात, त्यामुळे भाषेचं निमित्त चालणार नाही.

विषय यंदाच्या खरेदीच्या यादीचा. मधल्या वेंडरला बाजूला ठेवून शेतकऱ्याकडून सरळ तूर घ्यायची आणि पैसे मोबाईल मनीवर, म्हणजे फोन नंबरच्याच खात्यावर, टाकायचे ही पद्धत तुमच्यापैकी काही जणांनी सुरू केली, चांगलं केलं. पण आता यादीचा जो नवा फॉर्म आलाय त्यात एका घराला एकच ओळ आहे. एक घर, एक नाव, एक नंबर, आणि नाव कुणाचं तर घरप्रमुखाचं. आत्तापर्यंत जी पोतं आणून वजनाला लावेल तिच्या नावाने पावती फाडायचो. आता ती पोतं आणेल, वजन होईल, आणि पैसे वाजतील नवऱ्याच्या खिशात. मी ज्या ऑफिसात खरेदीचा हिशेब बघते तिथे हा फॉर्म आलाय आणि ओळखीच्या आणखी दोन-तीन ठिकाणीही तोच आलाय. ऑफिसचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण फॉर्म एकमेकांचे बघूनच केलेले असतात. मिटिंगमध्ये मी विचारलं तर उत्तर मिळालं, ताई, हा त्यांच्या घरातला मामला आहे, आपण आपलं ऑडिट बघू. म्हणून मग हे उघड लिहितेय. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

माझा संबंध काय ते सांगते. मी लातूर जिल्ह्यातली, घरची कोरडवाहू जमीन, सोयाबीनमध्ये तूर. लग्नानंतर इकडे आले आणि योग बघा, इथेही तूरच समोर आली. त्यामुळे तूर कशी लागते, कधी भरते, सोंगायला किती अंग मोडतं हे मला फॉर्ममधून शिकावं लागलेलं नाही. आणि बरीच वर्षं पावत्या लिहिल्यामुळे कुणाच्या हातात पैसे दिल्यावर ते कुठे जातात हेही थोडंफार दिसतं. माझा भाऊ फोनवर म्हणतो, तू तिकडची तूर आणायला मदत करतेस म्हणून आमचा भाव पडतो. त्याच्याशी माझं भांडण वेगळं आहे, ते घरात चालू राहील. भारताने किती तूर आणावी हा या पत्राचा विषय नाहीये. जी आणताय तिचे पैसे कुणाच्या नावावर जातात एवढाच विषय आहे.

आता वाशी-लातूरवाल्यांसाठी थोडं सविस्तर, कारण तुम्हाला मलावी म्हणजे बिलावरचं नाव फक्त. तूर पिकते ती मुख्यतः दक्षिणेत, चिराडझुलू, फालोम्बे, मुलांजे, चोलो, झोम्बा, माचिंगा, बलाका या पट्ट्यात. इथे तिला नंदोलो म्हणतात. मक्याच्या ओळींमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर पेरायची, मका निघून गेला तरी ही उभी, आणि साधारण जुलै-ऑगस्टपासून पुढे काढायची. म्हणजे आपली तूर अजून शेतात असते आणि बाजारात डाळ चढायला लागलेली असते नेमकं तेव्हा हा माल मोझांबिकच्या बैरा नाहीतर नाकालाच्या बंदरातून न्हावाशेवाला निघतो. तुमचा सगळा धंदाच या मधल्या फटीवर आहे, ते मी तुम्हाला काय सांगणार.

याच पट्ट्यात याओ, लोम्वे, न्यांजा हे समाज आहेत आणि त्यांच्यात जमीन आईकडून मुलीकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो, चिकाम्विनी म्हणतात त्या रिवाजाला. आपल्याकडे घरजावयाची चेष्टा होते, इथे रीतच ती. हे ऐकलं की आपले लोक लगेच म्हणतात, मग काय बायकांचंच राज्य, कशाला रडताय. तसं नाहीये हो. जमीन आईच्या वाट्याची असते, कुटुंबात शेवटचा शब्द मामाचा असतो (मलुमे म्हणतात, सगळ्या बहिणी-भाच्यांचा तो कर्ता), आणि रोख पैसा आला की तो बहुतेक वेळा नवऱ्याकडे जातो. आता यात वीस-बावीस वर्षांची, कडेवर एक पोर असलेली, सातवी-आठवीपर्यंत शिकलेली मुलगी कुठे बसते ते शोधा. जमिनीला आई, निर्णयाला मामा, पैशाला नवरा, आणि कोळपायला ही.

त्यातून तिला नंदोलोने बाहेर काढलं. तूर बायकांकडे राहिली कारण बराच काळ तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मका खायचा, तंबाखू पुरुषांचा, आणि ओळीतली तूर म्हणजे बायकांचं काहीतरी, शिजवायला थोडी आणि बादलीभर विकून मीठ-साबण आणायला थोडी. मग आपल्याकडे २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपये किलोच्या घरात गेली, आठवतंय ना, आणि सगळ्यांना आफ्रिकेतली तूर आठवली. गावागावात वेंडर फिरायला लागले. बादलीच्या जागी पोतं आलं.

मी जे बघितलं ते सांगते. फालोम्बेकडच्या ज्या मुली पावतीला येतात त्यातली एक धरा, नाव कशाला. पहिल्यांदा आली तेव्हा एक अर्धवट भरलेलं पोतं होतं आणि ते पैसे तिने तिथल्या तिथे चितेंजेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळतात त्या कापडाच्या, गाठीत बांधले. पुढे गावातल्या बॅंक खोंडेत जायला लागली. हे म्हणजे आपले बचत गटच, दर आठवड्याला शेअर टाकायचा, त्यातूनच कर्ज घ्यायचं, वर्षाअखेर पेरणीच्या तोंडावर सगळं वाटून घ्यायचं. (ही पद्धत आफ्रिकेतच, नायजरच्या माराडी भागात १९९१ मध्ये बायकांच्या गटांतून उभी राहिली आणि मग खंडभर गेली, हे मला इथे आल्यावर कळलं, तोपर्यंत वाटायचं बचत गट फक्त आपल्याकडेच.) व्याज ऐकलं तर तुम्हाला घाम फुटेल, महिन्याला १० ते २० टक्के, पण ते व्याज गटातच फिरतं आणि वर्षाअखेर त्यांनाच परत मिळतं. तर या मुलीने नंदोलोच्या पैशावर शेअर टाकले, शेअरवर कर्ज काढलं, कर्जावर तळ्याची सुकी उसिपा मासळी आणून गावात विकली, सकाळी शाळेसमोर मांडासी, म्हणजे पिठाचे गोळे, तळून विकायला लागली, आणि नंतर शेजारणीची जमीन एका सिझनपुरती खंडाने घेऊन त्यात परत नंदोलो. पूर्वी ती दुसऱ्यांच्या शेतात गन्यूला जायची, म्हणजे रोजंदारीला. आता काढणीला ती दोघा-चौघांना गन्यूवर लावते आणि त्यात एकदा तिचा सख्खा थोरला भाऊ होता. ती हसत होती सांगताना, भाऊ हसत नव्हता.

अशा एकट्या-दुकट्या नाहीत. आणि हे फक्त तुरीमुळे झालं असंही नाही, उगीच सगळं श्रेय आपल्याकडे घ्यायला नको. १९९४ पासून प्राथमिक शाळेची फी गेली म्हणून मुली वर्गात दिसायला लागल्या. २०१५ च्या कायद्याने लग्नाचं वय १८ झालं, घटनेत आईबापांच्या संमतीने आधी लग्न लावायची जी पळवाट होती ती २०१७ ला बंद झाली, डेड्झाच्या मुखिया थेरेसा काचिंदामोतो यांनी तर शेकडो बालविवाह मोडून मुली परत शाळेत पाठवल्या. कागदावरचं सगळं गावात उतरलं असं नाही म्हणत मी, पण मुलीला "नाही" म्हणायला आधार मिळाला. मोबाईल मनी आलं. आणि पुरुष जोनीला जातात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेला, पूर्वी खाणीत जायचे, आता बागकाम, बांधकाम, दुकान, काय मिळेल ते. मांगोची-माचिंगाकडे तर गावंच्या गावं अशी आहेत. काहींचे पैसे येतात, काहींचे पहिलं वर्ष येतात. मागे घरात जी उरते ती कमावते आणि मग हळूहळू तिलाच विचारतात, मका आता विकायचा का थांबायचं, धाकट्याची फी कोण भरणार, पत्रा टाकायचा का. चार वर्षांमागे जिला कुणी विचारत नव्हतं तिला मामा विचारतो. हा बदल कुठल्या प्रोजेक्टच्या अहवालातून आलेला नाही, पावतीवर तिचं नाव आणि तिच्या हातात रोकड, यातून आलाय.

आणि तुमचा फॉर्म नेमकं तेच नाव खोडतोय.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली म्हणजे घरप्रमुख हा रकानाच. फॉर्म भरणारा पोरगा गावात जातो, विचारतो घरप्रमुख कोण, आणि उत्तर येतं नवऱ्याचं नाव. अगदी तिच्या आईच्या जमिनीवर, तिच्या गावात, मागच्या वर्षी लग्न करून राहायला आलेल्या नवऱ्याचं. तो जोनीला असला तरी त्याचंच नाव, मग नंबर कुणाचा द्यायचा तर त्याच्या भावाचा. असं प्रत्यक्ष झालंय, माझ्याकडच्या यादीत आहे. आणि फॉर्मवर "महिलाप्रमुख कुटुंब" असा एक चौकोन आहेच की, असं म्हणू नका. त्या चौकोनात विधवा आणि सोडलेल्या बायका बसतात, म्हणजे वयाने मोठ्या. नवरा असलेली तरुण बाई, किंवा आईच्या घरात राहणारी न लग्न झालेली मुलगी, जिने स्वतःच्या ओळी स्वतः पेरल्यात, तिला कुठलाच चौकोन नाही. तुमच्या डोनर लोकांना दाखवायला टक्केवारी येईल, पण ज्या वयाच्या मुलींनी हा धंदा अंगावर घेतलाय त्या यादीतून सगळ्याच्या सगळ्या गायब.

दुसरं, गटाचं गणित. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात नंदोलोचे पैसे गटात परत येतात, कारण आधीची कर्जं त्याच भरवशावर दिलेली असतात. पैसे नवऱ्याच्या फोनवर गेले तर तो देईलही, सगळे नवरे वाईट नसतात, पण तिला मागावे लागतील. आणि मागून आणलेल्या पैशावर गट कर्ज देत नाही. एक हप्ता चुकला की पुढच्या पेरणीचं बियाणं गेलं. तुम्ही उधारीवर धंदा करणारी माणसं, पत म्हणजे काय हे तुम्हाला मी शिकवायला नको.

तिसरं हे की असं आधी झालेलं आहे आणि त्याचा शेवट माहितीय. पश्चिमेला गांबियात १९८४ मध्ये जहाली-पचारचा भातशेतीचा मोठा प्रकल्प आला. तिथे भात म्हणजे बायकांचं पीक, त्यांच्या स्वतःच्या वाट्याच्या जमिनी होत्या, आणि ओलिताखालचे प्लॉट बायकांच्या नावे द्यायचं कागदावर ठरलं होतं. पाणी आलं, दोन पिकं निघायला लागली, पैसा दिसला, आणि प्लॉट घराचे म्हणजे घरच्या कर्त्याचे ठरले. बायका त्याच शेतात राबत राहिल्या, विक्रीवर ताबा गेला. मग त्यांनी काम नाकारलं, मजुरी मागितली, घराघरात भांडणं लागली आणि प्रकल्पाचंही काही बरं झालं नाही. म्हणजे बायकांचं पीक जोवर किरकोळ तोवर बायकांचं, कंटेनर भरायला लागलं की घराचं. तुमच्या फॉर्ममुळे इथे तेच व्हायला लागेल आणि वर तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध.

चौथं, शिकवणीचं. सुधारित बियाणं, अळीसाठी फवारणी कशी, पोत्यात ओल किती चालते, हे सगळं ज्याचं नाव यादीत त्यालाच सांगितलं जातं. मिटिंगला नवरा बसतो, फवारते ही. मलावीतल्या शेतांवर वर्ल्ड बँकेच्या अभ्यासकांनी काम केलंय, बायका बघतात त्या शेताचं उत्पन्न पुरुषांच्या शेतापेक्षा सरासरी २५ टक्के कमी निघालं, आणि त्यातला ८२ टक्के फरक हा खत-बियाणं, मजूर, कोणतं पीक घेतलं, शिक्षण असल्या दिसणाऱ्या गोष्टींनीच भरून निघतो. म्हणजे बाईच्या हाताला कमी पिकत नाही, तिच्यापर्यंत पोचत नाही. तुम्हाला माल जास्त पाहिजे ना, मग ज्या हातांनी तो वाढायचा त्यांचंच नाव यादीतून काढून माल कसा वाढेल हे मला कुणीतरी समजावून सांगा.

पाचवं जरा कडू आहे आणि ते फक्त तुमच्यावर नाही. २०१६-१७ ला आपल्याकडे तूर अफाट पिकली, ५,०५० चा हमीभाव असून भाव त्याखाली, खरेदी केंद्रावर रांगा, बारदाना संपला, आमच्या घरची पोतीही त्या रांगेत होती. मग ५ ऑगस्ट २०१७ ला दिल्लीने आयात २ लाख टनावर बांधली. आपल्या शेतकऱ्याला वाचवायला केलं, त्यावर मी बोलणार नाही. पण तारीख बघा, ऑगस्ट, म्हणजे इथे काढणी चालू, गटांची कर्जं डोक्यावर आणि वेंडर एका आठवड्यात गायब. आदल्या वर्षीच्या भावाकडे बघून मुलींनी मक्याच्या ओळी कमी करून नंदोलो वाढवली होती. कित्येकींनी ती मिळेल त्या भावाला दिली, कित्येकींच्या घरात पडून कीड लागली. दिल्लीचा निर्णय तुमच्या हातात नव्हता, मान्य, पण वारं कुठल्या दिशेला आहे हे तुम्हाला मार्चमध्येच कळलं होतं, तेव्हा आयातीवर १० टक्के ड्युटी बसली होती. पेरणी तर त्याच्याही आधी झालेली. एक शब्द कुणी गावापर्यंत पोचवला नाही. २०२१ पासून मलावीसाठी वर्षाला ५० हजार टनांचा करार झाला, २०२५-२६ पर्यंतचा, त्याने थोडी शाश्वती आली. पण त्या करारात टन आहेत, माणसं नाहीत.

भावाचं पण आहेच. इथलं सरकार दरवर्षी किमान भाव जाहीर करतं आणि गावात तो किती जण देतात ते तुम्हालाही माहितीय. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचा, म्हणजे इथलं चलन, एका फटक्यात पाडला आणि डॉलर ४४ टक्क्यांनी महाग झाला, तुमचे पैसे येतात डॉलरमध्ये, त्यांचे क्वाचात, खताचं पोतं मात्र डॉलरच्या मागे धावतं. हा विषय मोठा आहे, इथे सोडते.

आता तुमचं म्हणणं, कारण मी ते रोज ऐकते.

"घरातल्या भांडणात आम्ही कशाला पडायचं." अहो पण तुम्ही पडलातच. घरप्रमुख हा शब्द छापला तेव्हाच तुम्ही एका बाजूने उभे राहिलात. काहीच न बदलता जी आणेल तिला पावती, हे चालू होतं ते तटस्थ होतं.

"एका घरात दोन-तीन नावं घातली की ट्रान्सफरची फी वाढते, आणि डुप्लिकेट होतं." फी वाढते, खरंय, हिशेब मीच करते, पोत्यामागे ती किती पडते हे ज्यांना बघायचंय त्यांनी माझ्या टेबलाशी यावं, चहाच्या खर्चापेक्षा कमी आहे. डुप्लिकेटचं म्हणाल तर २०१७ पासून इथे १६ वर्षांपुढच्या प्रत्येकाला राष्ट्रीय ओळखपत्र मिळतं, त्याचा नंबर घ्या, डुप्लिकेट होणार नाही. उलट आत्ता तुमच्या यादीत एकच पुरुष दोन गावात दोन घरांचा प्रमुख आहे, ते आधी बघा.

"त्यांच्याकडे फोनच नसतात." काहींकडे नसतात. बऱ्याच जणींकडे सिम असतं, हँडसेट नसतो, शेजारणीच्या फोनमध्ये घालून पैसे बघतात आणि परत काढून ठेवतात. तेवढं पुरतं. केन्यात २००७ ला एम-पेसा हे मोबाईल मनी आलं आणि २०१६ मध्ये त्यावर जो अभ्यास आला त्यात सुमारे १ लाख ८५ हजार बायका नुसत्या शेतीवरून छोट्या धंद्यांकडे वळल्याचं दिसलं. स्वतःच्या नंबरवर आलेला पैसा वेगळा वागतो, यात आता नवीन काही सिद्ध करायचं राहिलेलं नाही.

आणि महाराष्ट्रातल्या मंडळींना तर मी एकच विचारते. लाडकी बहीणचे १५०० रुपये नवऱ्याच्या खात्यावर टाकले असते तर तुमच्याच गोदामात तूर निवडणाऱ्या बायकांनी काय केलं असतं? योजनेबद्दल तुमचं मत काही का असेना, ते मला इथे ऐकायचं नाहीये, पण पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात पडले म्हणून काय फरक झाला हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. आणि वयाने मोठे असाल तर चांदवडचं १९८६ चं शेतकरी महिला अधिवेशन आठवत असेल, त्यानंतर शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीत हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. आपल्याकडे पुरुषांनी स्वतःच्या नावावरची जमीन काढून दिली. इथे जमीन तिच्याकडचीच आहे, पीक तिचं आहे, तुम्हाला फक्त ते नवऱ्याच्या नावावर करायचं नाहीये. एवढं सोपं काम आहे.

बरं, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तिचं नाव लिहिलं की सगळं सुरळीत होतं असं नाही. काही घरात नवरा पावती हिसकावून घेतो. काही ठिकाणी बायकोकडे पैसे आहेत म्हटल्यावर नवऱ्याने घरखर्चातून अंग काढून घेतलंय, आता मका पण तिनेच आणायचा, फी पण तिनेच भरायची आणि पाण्याला पण तीच. कमाई वाढली तशी कामंही तिच्यावरच वाढली. काही मुली कंटाळून स्वतःच जोनीला जातात घरकामाला. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी वादळ आलं तेव्हा मुलांजे-फालोम्बेत डोंगर घरांवर आले, शेतं वाहून गेली, तिथे नाव कुणाचं आणि पावती कुणाची. पण ज्यांची शेतं राहिली त्यांची तूर पुढे निघाली, आणि ज्या गटांच्या पेटीत त्या बायकांचा पैसा होता ते गट आधी उभे राहिले, कौलं-पत्र्यांना पैसे तिथूनच निघाले. हे मी वजनकाट्यावर उभी राहून ऐकलंय, कुणी मला लिहून दिलेलं नाही.

तर मागण्या.

घरप्रमुख हा रकाना काढा. यादी पिकवणाऱ्याप्रमाणे करा, एका घरात तिघी पिकवत असतील तर तीन ओळी, आणि नवऱ्याची स्वतःची वेगळी तूर असेल तर त्याची पण एक ओळ, त्याच्यावरही अन्याय नको.

पैसे त्या ओळीतल्या माणसाच्याच नंबरवर. नवऱ्याचा, भावाचा, मामाचा नंबर चालणार नाही. ज्यांच्याकडे सिम नाही त्यांच्यासाठी खरेदीच्या आधी गावात एक दिवस मोबाईल मनीचा एजंट बसवा, ओळखपत्र दाखवलं की सिम मिळतं. तोपर्यंत रोख द्या, जिने आणलं तिच्या हातात.

काट्यावर गटातली एक बाई उभी राहील, वजन ती मोठ्याने वाचेल. भाव आणि सरकारी किमान भाव दोन्ही फळ्यावर, चिचेवात म्हणजे इथल्या भाषेत, खरेदी सुरू व्हायच्या आधी.

शिकवणीला यादीतलीच माणसं बोलवा आणि वेळ दुपारची ठेवा, सकाळी त्या पाण्यावर आणि शेतात असतात. सकाळी नऊची मिटिंग ठेवून मग बायका येत नाहीत म्हणायचं हे बंद करा.

यंदा किती घेणार, घेणार की नाही, हे ऑक्टोबर संपायच्या आत सांगा. पेरणीच्या आधी. नक्की माहिती नसेल तर नक्की नाही असं तरी सांगा, म्हणजे ज्यांना मक्याच्या ओळी कमी करायच्या नाहीत त्या करणार नाहीत.

हे शेवटचं वाशी, लातूर, अकोल्याला. तुम्ही खरेदीच्या अटी लिहिता, ओल किती, काडीकचरा किती, दाणा केवढा. त्यात एक अट वाढवा, पेमेंट पिकवणाऱ्याच्या नावाने झालेलं असावं. तुम्ही लिहिलंत तर लिंबेत कुणाची हिंमत नाही न करायची. आणि दोन देशांमधला पुढचा करार जेव्हा होईल तेव्हा तुमच्या संघटनांना दिल्लीत बोलावतातच, तिथे टनांच्या खाली ही एक ओळ घालायला सांगा.

बदललेल्या फॉर्मचा नमुना मी करून ठेवलाय. जुन्यापेक्षा एक रकाना कमी आणि एक जास्त, ओळखपत्राच्या नंबरचा. ज्यांना पाहिजे त्यांनी मागा, त्याच दिवशी पाठवते. काढणी सुरू व्हायच्या आत याद्या परत भरायला वेळ आहे, फॉर्म भरणारी पोरं पण आहेत, आणि त्यांना गावोगाव घेऊन जायला मी स्वतः तयार आहे.

तुमच्याच वहीत तुरीचा हिशेब लिहिणारी,
लातूरची, सध्या मुक्काम लिंबे, ब्लांटायर